थेरपी सेंटरशी पैशाचा वाद झाला तर: कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझा मुलगा चार वर्षांचा असताना त्याच्या स्पीच थेरपीसाठी आम्ही शहरातल्या एका खासगी सेंटरमध्ये ३६ सेशनचं पॅकेज घेतलं. २८,८०० रुपये, सगळे आगाऊ. अकरा सेशन झाली आणि ज्या मॅडमकडे बघून पैसे भरले होते त्याच सेंटर सोडून गेल्या. त्यांच्या जागी एक शिकाऊ मुलगी यायची आणि खेळणी मांडून बसायची. पैसे परत मागितले तेव्हा पावतीच्या तळाचा बारीक शिक्का दाखवण्यात आला: भरलेली फी परत मिळणार नाही. सात महिन्यांनी १७,५०० रुपये परत आले. तेव्हापासून कुणाच्या ना कुणाच्या ओळखीनं लोकांचे फोन येतात. शाळेच्या गेटवर थांबवून विचारतात. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. मी वकील नाही. पतसंस्थेत हिशेब लिहिते, आणि या भांडणात निम्मं काम हिशेबाचंच असतं.

थेरपी म्हणजे नेमकं कोण कोण धरायचं?

स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, फिजिओथेरपी, समुपदेशन, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मानसोपचारतज्ज्ञ, सगळेच. पैशाच्या वादात नियम बहुतेक सारखेच आहेत, पण समोरचा माणूस कुठं नोंदलेला आहे हे आधी बघून घ्या. मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर असतो, त्याची नोंद महाराष्ट्र वैद्यक परिषदेत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि स्पीच थेरपिस्ट भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या नोंदवहीत. फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टसाठी राज्याची वेगळी परिषद आहे. नुसतं ‘काउन्सेलर’ असं पाटीवर लिहिलं असेल तर शिक्षण काय, नोंदणी कुठली, हे सरळ विचारा. नोंदणी क्रमांक सांगायला टाळाटाळ करणाऱ्याकडे पॅकेज घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. या परिषदांकडे वर्तनाची तक्रार जाते. तुमचे पैसे त्या मिळवून देत नाहीत, तेव्हा त्या आशेवर वर्ष घालवू नका.

वहिनी, पोराचं भलं त्यांच्या हातात आहे. पैशाचं कसं बोलायचं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. कायद्याचे प्रश्न यानंतर येतात.

आपल्याकडे भीड भिकेची बहीण म्हणतात. कोल्हापुरात ही बहीण जरा जास्तच लाडकी. सेंटरच्या मॅडम कुणाच्या तरी नणंदेच्या मैत्रीण निघतात, मालक तालमीतल्या कुणाचा तरी पाहुणा. मग ‘जाऊ दे, बघू पुढच्या महिन्यात’ होतं. मी स्वतः तीन महिने असेच काढले. रोज ठरवायचे की आज विचारू, आणि रोज मुलाचा हात धरून ‘थँक यू मॅडम’ म्हणून परत यायचे.

मला उपयोगी पडली ती एकच गोष्ट: थेरपिस्टशी पैशाचं बोलायचं नाही आणि हिशेब बघणाऱ्याशी मुलाच्या प्रगतीचं बोलायचं नाही. दोन विषय, दोन वेळा, दोन माणसं. सेंटर छोटं असेल आणि दोन्ही एकच व्यक्ती असेल तर सेशनच्या वेळेत विषय काढू नका. दुपारी गर्दी नसते तेव्हा वेगळी वेळ मागा. आपल्यामागे दुसरं मूल ताटकळत बसलेलं असलं की त्या बाईलाही घाई असते आणि आपणही अर्धंच बोलतो.

समुपदेशन घेणाऱ्या मोठ्या माणसांची अडचण आणखी वेगळी. मनातलं सगळं ज्याच्यापुढे उघडं केलं त्याच्याशीच घासाघीस कशी करायची? अशा वेळी नवरा, भाऊ, मैत्रीण, कुणालाही पुढं करा. दोन ओळींचं अधिकारपत्र लिहून द्या: ‘माझ्या फीच्या हिशेबाबाबत बोलण्याचा अधिकार यांना देत आहे. माझ्या उपचारांची माहिती त्यांना देऊ नये.’ दुसरं वाक्य विसरू नका.

पावतीवर ‘नॉन-रिफंडेबल’ छापलंय. मग विषय संपला का?

नाही. तो शिक्का म्हणजे सेंटरचं म्हणणं झालं, कोर्टाचा निकाल नव्हे.

पैसे घेऊन दिलेली सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते. डॉक्टरी सेवेबद्दल सर्वोच्च न्यायालयानं १९९५ सालीच तसं स्पष्ट केलं आहे. आताचा कायदा २०१९ चा, २० जुलै २०२० पासून लागू झालेला. कबूल केलेली सेवा कमी प्रतीची दिली किंवा दिलीच नाही, तर ती सेवेतली त्रुटी. न दिलेल्या सेवेचे पैसे ठेवून घेणं याचं समर्थन सेंटरला करता आलं पाहिजे. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ इथं कामाला येतं: करार मोडल्याबद्दल आधीच रक्कम ठरवलेली असली तरी समोरच्याला वाजवी भरपाईच मिळते, लिहिलेली सगळी रक्कम आपोआप मिळत नाही.

आता दुसरी बाजू. तुम्ही पॅकेज का सोडलं, याला फार महत्त्व आहे. थेरपिस्ट बदलली, वेळा बदलल्या, सेंटर लांब हलवलं, सांगितलेली व्यक्ती नोंदणीकृत नव्हती हे कळलं, अशा कारणांनी तुम्ही निघालात तर बाजू भक्कम. ‘मुलाला आवडेना’ किंवा ‘आमची पुण्याला बदली झाली’ असं असेल तर सेंटरनं काही रक्कम कापणं मी चूक मानणार नाही. त्यांनी तुमच्यासाठी आठवड्याचे तीन तास राखून ठेवले होते.

एक बारकावा. ‘हा करारच अन्यायकारक आहे, तो रद्द करा’ असा दावा जिल्हा ग्राहक आयोगात चालत नाही, तो राज्य ग्राहक आयोगाकडे जातो. जिल्ह्यात तक्रार करताना भर सेवेतल्या त्रुटीवर आणि अनुचित व्यापारी प्रथेवर ठेवा.

परत किती मागायचे? हिशेब कसा मांडायचा?

माझा हिशेब जसाच्या तसा देते.

३६ सेशनचे २८,८००, म्हणजे सेशनला ८००. झालेली ११, त्याचे ८,८००. उरले २०,०००. हे माझं गणित.

सेंटरचं गणित वेगळं होतं. ८०० चा दर पूर्ण पॅकेज घेणाऱ्यालाच, मध्येच सोडलं तर सुट्या सेशनचा ११०० चा दर लागणार. म्हणजे १२,१००. शिवाय सुरुवातीची तपासणी पॅकेजमध्ये ‘मोफत’ होती, तिचे आता २,५००. उरले १४,२००. आणि तेही पुढच्या कोर्समध्ये वळते करून देऊ, रोख नाही.

बहुतेक भांडणं याच दोन गणितांच्या मधल्या खड्ड्यात अडकतात. तेव्हा तीन गोष्टी तपासा. सुट्या दराचा नियम पैसे भरताना लिहून दाखवला होता का? मला दाखवला नव्हता. तपासणीचा लेखी अहवाल तुम्हाला मिळाला का? मला मिळाला होता, त्यामुळे ते २,५०० मी मान्य केले. आणि पॅकेज मोडायला कारण कोण? मग उरलेल्या २०,००० मधून २,५०० वजा केले, १७,५०० झाले आणि तीच रक्कम मागितली. मी आधी पूर्ण २८,८०० मागत होते. रागात मागितलेल्या त्या आकड्यानं माझे चार महिने खाल्ले, कारण झालेल्या सेशनचेही पैसे परत मागणारी बाई म्हटल्यावर समोरचा ऐकूनच घेईना.

हिशेब एका कागदावर मांडा: तारीख, सेशन कुणी घेतलं, किती मिनिटं. हजेरी कार्ड असेल तर त्याचा फोटो दर आठवड्याला काढून ठेवा. कार्ड सेंटरमध्येच ठेवून घेत असतील तर हटकून काढा.

आजारपणामुळं सेशन बुडालं, तरी पैसे कापले. हे बरोबर आहे का?

२४ तास आधी कळवलं नाही तर सेशन धरलं जाईल, असा नियम आधी सांगितलेला असेल तर तो मला रास्त वाटतो. आपण आलो नाही म्हणून त्या तासात दुसरा पेशंट आकाशातून पडत नाही. पण नियम दोन्हीकडून हवा. थेरपिस्टनं ऐनवेळी रद्द केलं तर? ते सेशन पुढं भरून मिळालं पाहिजे, आणि ‘पॅकेजची मुदत संपली’ या सबबीवर ते बुडता कामा नये.

पुरात सेंटर पंधरा दिवस बंद होतं. ती सेशन कुणाच्या नावावर?

हा प्रश्न बहुधा फक्त आपल्या भागातच विचारला जातो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका, आणि त्यानंतर शिरोळहून किंवा चिखलीहून मूल घेऊन कोण येणार? २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत हे झालंच. दोष कुणाचाच नाही, पण जी सेवा दिलीच गेली नाही तिचे पैसे सेंटरनं ठेवण्याचंही कारण नाही. सेशन पुढं ढकलून मागा. पावसाळ्याआधी पॅकेज घेत असाल तर हे एक वाक्य पावतीवर लिहून घ्या. हसतील, लिहून देतील.

पावतीच देत नाहीत. ‘गुगल पे केलंय की’ म्हणतात.

बिल किंवा पावती न देणं ही २०१९ च्या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. यूपीआयच्या नोंदीतून पैसे गेले एवढंच कळतं, कशाचे गेले ते कळत नाही. त्यातही पैसे मालकाच्या बायकोच्या किंवा मेहुण्याच्या खात्यावर घेतले असतील तर पुढं ‘आमच्याकडे आलेच नाहीत’ हे ऐकायची तयारी ठेवा. पैसे भरताना टीपेच्या जागी ‘स्पीच थेरपी, जून, १२ सेशन’ असं टाका आणि लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश पाठवा: ‘आज अमुक रक्कम अमुक कामासाठी भरली, पावती द्यावी.’ त्यांनी उत्तरात नुसती अंगठ्याची इमोजी टाकली तरी काम झालं.

बिलात १८ टक्के जीएसटी लावलाय.

क्लिनिक, मान्यताप्राप्त वैद्यकीय व्यावसायिक किंवा पॅरामेडिक यांनी दिलेल्या आरोग्यसेवेला जीएसटी माफ आहे. त्यामुळं कर लावला असेल तर कशाच्या आधारावर, हे लेखी विचारा आणि १५ अंकी-अक्षरी जीएसटी क्रमांक बिलावर आहे का बघा. महाराष्ट्राचा क्रमांक २७ ने सुरू होतो. क्रमांक नसताना जीएसटीच्या नावावर एक रुपयाही घेता येत नाही.

पहिलं पत्र कसं लिहायचं?

छोटं. राग घरी ठेवून. मी पाठवलेलं पत्र असं होतं, नावं तेवढी काढली आहेत:

‘दि. … रोजी ३६ स्पीच थेरपी सेशनसाठी रु. २८,८०० भरले (पावती क्र. …). दि. … पर्यंत ११ सेशन झाली. ज्या थेरपिस्टच्या नावे पॅकेज दिले होते त्यांनी सेंटर सोडले आहे व त्यांच्या जागी नोंदणीकृत थेरपिस्ट दिलेला नाही. म्हणून आम्ही दि. … पासून सेवा बंद करत आहोत. झालेल्या सेशनचे रु. ८,८०० व तपासणीचे रु. २,५०० वजा करून रु. १७,५०० हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत परत करावेत. रक्कम मान्य नसल्यास आपला हिशेब लेखी द्यावा.’

शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं. त्यांनी हिशेब दिला तर वाद आकड्यावर येतो. नाही दिला तर पुढं आयोगासमोर तुम्हाला एक आयता मुद्दा मिळतो.

पत्र ईमेलनं पाठवा आणि पोस्टानंही. पूर्वी आपण ‘रजिस्टर एडी’ म्हणायचो, ती सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन केली आहे. काउंटरवर पोचपावती हवी असं सांगा. वकिलाची नोटीस या पायरीला लागत नाही. आपल्या हातचं साधं पत्र कधी कधी जास्त काम करतं, नोटीस आली की समोरचाही वकिलाकडं पळतो.

पॅकेज ईएमआयवर घेतलं होतं. थेरपी बंद केली, आता हप्ता थांबवू का?

थांबा, इथं बरेच जण अडकतात. ईएमआय म्हणजे बहुतेक वेळा एखाद्या फायनान्स कंपनीचं कर्ज असतं. कंपनीनं सगळे पैसे सेंटरला देऊन टाकलेले असतात. तुम्ही हप्ता बुडवला तर सेंटरचं काही बिघडत नाही, सिबिल तुमचं खराब होतं. सेंटरला पत्र पाठवाल त्याच दिवशी त्याची प्रत फायनान्स कंपनीच्या तक्रार विभागाला पाठवा आणि सेंटरनं पैसे त्यांच्याकडं परत करून कर्ज बंद करावं अशी मागणी करा. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार करता येते. तिथं शुल्क नाही.

पुढच्या तारखांचे चेक दिले असतील तर आणखी सावध. ‘स्टॉप पेमेंट’ केलं तरी चेक न वटल्याचा कलम १३८ चा खटला होऊ शकतो. त्यात मुख्य बचाव हा, की ते देणं कायद्यानं लागूच नव्हतं, आणि तो सिद्ध करायला तारखेचं पत्र लागतं. म्हणून आधी सेवा बंद केल्याचं पत्र आणि चेक परत करण्याची मागणी, मग बँकेत सूचना. १३८ ची नोटीस आलीच तर पंधरा दिवस मोजके असतात, त्याच दिवशी वकील गाठा. बँकेतून आपोआप हप्ता कापण्याची नोंद असेल तर तो परत गेल्यावरही असाच खटला होऊ शकतो.

यूपीआय ऑटोपे मात्र अ‍ॅपमधून तुम्हाला स्वतःला बंद करता येतं. सेंटरची परवानगी लागत नाही.

चुकून दोनदा पैसे गेले. बँक परत देईल का?

खात्यातून कापले गेले पण सेंटरला पोचलेच नाहीत, तर दुकानदाराला केलेल्या यूपीआय व्यवहारात पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत, नाहीतर पुढं रोज १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. दोन्ही वेळा पोचले असतील तर ते सेंटरकडूनच परत घ्यावे लागतात. तुम्ही स्वतः पिन टाकून दिलेले पैसे बँक ‘सेवा आवडली नाही’ म्हणून मागं फिरवत नाही. क्रेडिट कार्डानं भरले असतील तर चार्जबॅकचा, म्हणजे कार्ड देणाऱ्या बँकेकडून व्यवहार उलटा फिरवून घेण्याचा, रस्ता आहे. त्याला मुदत असते, उशीर करू नका.

बाकी भरल्याशिवाय रिपोर्ट देणार नाही म्हणतात.

मानसिक आरोग्याचा उपचार असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २५ नं स्वतःच्या उपचारांच्या नोंदी मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे. डॉक्टरकडं नोंदी मागितल्यावर ७२ तासांत द्याव्यात, असं वैद्यकीय आचारसंहितेत आहे. बाकीच्या थेरपिस्टकडंही लेखी मागणी करा आणि त्यात फीचा उल्लेख अजिबात करू नका. पैशाचं पत्र वेगळं, रिपोर्टचं वेगळं. माझ्या ओळखीतल्या एका ताईंना शाळेच्या प्रवेशासाठी रिपोर्ट हवा होता. त्यांनी वादातली रक्कम ‘हरकत राखून भरत आहे’ असं लिहून भरली, रिपोर्ट घेतला आणि मग परत मागितली. तो वाद अजून चालू आहे, पण पोराचं वर्ष वाचलं.

१९१५ ला फोन करून काय होतं?

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं, तक्रार क्रमांक मिळतो, ते समोरच्याला कळवतात. निकाल देण्याचा अधिकार त्यांना नाही. मोठ्या साखळीच्या क्लिनिकवर परिणाम होतो, राजारामपुरीतल्या दोन खोल्यांच्या सेंटरवर फारसा नाही. तरी करा, फुकट आहे आणि तारखेची नोंद होते.

जिल्हा ग्राहक आयोगात जायला खर्च किती? वकील लागतोच का?

भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. आपली सगळी भांडणं यातच बसतात. जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाखांची आहे. वकील सक्तीचा नाही, स्वतः उभं राहता येतं. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. तक्रार, शपथपत्र, पावत्या, पत्रं आणि हिशेबाचा तो एक कागद, एवढं पुरतं. समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस, फार तर आणखी १५. कायद्यात निकाल तीन ते पाच महिन्यांत असं लिहिलंय. कायद्यात लिहिलंय, एवढंच म्हणते.

मुदत दोन वर्षांची, आणि ती पत्रं पाठवत राहिल्यानं वाढत नाही. ‘पुढच्या महिन्यात देतो’ या वाक्यावर दीड वर्ष काढलेली माणसं मी पाहिली आहेत. सेशन बंद पडलेल्या तारखेपासून मोजायला लागा.

दोघांची तयारी असेल तर आयोग प्रकरण मध्यस्थीकडं पाठवू शकतो. थेरपीच्या वादाला मला तो मार्ग सगळ्यात बरा वाटतो, बंद खोलीत बोलणं होतं.

आता कोल्हापूरला सर्किट बेंच आलंय. थेट तिथंच गेलो तर?

हा प्रश्न मला तीन जणांनी विचारलाय, त्यातल्या एका काकांनी मोठ्या उत्साहानं. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालं, सहा जिल्ह्यांची सोय झाली, अभिमानाची गोष्ट आहे. पण सतरा हजारांच्या फीसाठी तो दरवाजा नाही, काका.

तुमच्या कामाचं ठिकाण जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. महिला, मुलं, अपंग आणि मानसिक आजार असलेल्या व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळू शकतो. खटला दाखल करण्याआधीच वाद लोकअदालतीत ठेवता येतो. तिथं तडजोड झाली तर ती अंतिम असते, अपील नाही. म्हणून सही करण्याआधी आकडा नीट वाचा.

पोलिसांत जाऊ का?

हिशेबाचा वाद हा दिवाणी मामला, पोलीस तेच सांगतील. पण सेंटर पैसे घेऊन रातोरात बंद झालं, पाटी उतरवली, फोन बंद, अनेक पालकांची तीच गत, असं असेल तर फसवणुकीची तक्रार करा, आणि सगळ्यांनी मिळून करा.

व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट पुरावा म्हणून चालतात का?

चालतात, पण मूळ फोन जपून ठेवा आणि चॅट खोडू नका. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र सोबत जोडावं लागतं. फोन बदलायचा विचार असेल तर वाद मिटेपर्यंत लांबवा.

तक्रार केली तर माझा आजार जगजाहीर होईल का?

ही भीती रास्त आहे. तक्रारीत निदान लिहायची गरज नसते. ‘समुपदेशन सेवा’ एवढं पुरे. सेशनमधल्या नोंदी जोडू नका, पावत्या आणि तारखा जोडा. समोरून कुणी ‘तुमच्या घरी सांगू’ असं सुचवलं तर तो निरोप जपून ठेवा. मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २३ नं उपचाराची माहिती गुप्त ठेवणं हे त्यांच्यावर बंधन आहे, वसुलीसाठी ती वापरणं तर दूरच.

गुगलवर रिव्ह्यू लिहिणार असाल तर तारीख आणि रक्कम लिहा, विशेषणं गाळा. ‘चोर’ या एका शब्दापायी बदनामीची नोटीस आलेले गृहस्थ मला माहीत आहेत. पैसे त्यांचेच अडकले होते, माफीही त्यांनीच मागितली.

ताई, उलटं आहे. मीच चार महिन्यांची फी थकवली आहे.

लपू नका. घेतलेल्या सेशनचे पैसे देणं लागतंच, आणि सेंटरला वसुलीचा दावा लावायला तीन वर्षं असतात. मात्र हिशेब लेखी मागायचा तुमचा हक्क तितकाच आहे. महिन्याला झेपेल तो आकडा तुम्हीच सुचवा, लेखी. बऱ्याच थेरपिस्ट स्वतः गाळा भाड्यानं घेऊन काम करतात, त्यांचंही गाडं याच पैशांवर चालतं. ठरलेला हप्ता वेळेवर आला की बहुतेक जण उपचार थांबवत नाहीत.

थेरपिस्ट ऑनलाइन आहे, बेंगळुरूची कंपनी. कोल्हापुरात तक्रार होईल?

होईल. २०१९ च्या कायद्यानं तक्रारदार राहतो किंवा काम करतो तिथं तक्रार करता येते. अ‍ॅपच्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. आधी तिथं लिहा.

विमा कंपनी थेरपीचे पैसे देते का?

मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यावा, असं कायदा म्हणतो. पण सेशन ओपीडीत मोडतात आणि ओपीडी बऱ्याच पॉलिसींत नसतेच, म्हणून आपली पॉलिसी आधी उघडून वाचा. ‘बिलावर फिजिओ लिहून द्या’ असं सेंटरला सांगू नका. खोटं बिल, आणि उद्या वाद झाला की तेच तुमच्या विरोधात. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेची चौकशी करा. वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण आहे आणि त्यात थेरपीचा खर्चही धरतात.

भांडण मिटेपर्यंत उपचार बंद ठेवायचे का?

अजिबात नको. मी दोन महिने बंद ठेवले, ती माझी चूक. कोल्हापूरच्या सरकारी सीपीआर रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, गर्दी असते, केसपेपर काढून थांबावं लागतं, पण थांबा. मन फारच सैरभैर झालं तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मोफत, मराठीत.

तडजोड ठरली. आता काय लिहून घ्यायचं?

रक्कम, तारीख, कोणत्या खात्यातून येणार आणि ‘यापुढं कुणाचं कुणाकडं देणं नाही’ हे वाक्य. दोघांच्या सह्या. रिव्ह्यू काढून टाकायची अट घातली तर मान्य करायला हरकत नाही, पण पैसे खात्यात दिसल्यावर. ‘आधी काढा, संध्याकाळी पाठवतो’ याला हो म्हणू नका.

माझे १७,५०० दोन वेळा मिळून आले, १०,००० आणि महिन्यानं ७,५००. दुसऱ्या वेळी मालकांनी स्वतः फोन केला, मुलगा कसा आहे विचारलं. बरा आहे म्हटलं.

मग आता मुलाला कुठं नेता?

दुसरीकडं. तिथंही पॅकेज होतं, दर थोडा स्वस्त पडत होता, आम्ही नको म्हटलं. दर महिन्याच्या ५ तारखेला त्या महिन्याचे पैसे. पहिल्या दोन महिन्यांत पावती मागून घ्यावी लागली. तिसऱ्या महिन्यापासून बाई ती आधीच लिहून ठेवतात.